एकेचाळीस जणांची आत्या

"हे पान मी काल वाचलंय."

शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने असं म्हटलं तर काय करायचं? मी आधी पर्स जवळ ओढली. मग मांडीवरचा प्रोजेक्टांचा गठ्ठा ओढला. आणि त्याच्याकडे न बघता म्हटलं, "दुसऱ्याच्या हातातलं वाचायची सवय आहे वाटतं?"

"आहे... वाईट सवय आहे. पण तुम्ही पान उलटा. शेवटी 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' असं असेल."

मला बोलायची मुळीच इच्छा नव्हती. सकाळी कल्याणच्या कॉलेजात दोन तास घेतले होते, कोन गावाजवळ कंटेनरच्या मागे वीस मिनिटं अडकले होते, आणि आता भिवंडीच्या कॉलेजात आणखी दोन तास घ्यायला चालले होते. तासिका तत्त्वावरची प्राध्यापक म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते : शिकवाल तेवढ्या तासापुरत्या तुम्ही मॅडम, घंटा झाली की कोणी नाही. अशी सात वर्षं काढली होती मी. प्रवासात प्रोजेक्ट तपासायचे, म्हणजे वाचायचे नाहीतच, नुसत्या टिका मारत सुटायचं.

तरी पान उलटलं. पर्यावरणावरचा निबंध होता. निळ्या शाईत, अगदी वळणदार अक्षरात पोराने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.

"कुठे करू क्लिक?" मी वैतागून विचारलं. "कागदावर?"

तो हसला. तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चष्मा, खिशाला दोन पेनं, आणि डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं! अगं बाई, हा तर माझ्याहून दमलेला दिसतोय, असं मनात आलं आणि का कोण जाणे, राग गेला.

रिक्षातून आम्ही एकाच नाक्यावर उतरलो आणि एकाच फाटकातून आत शिरलो.

"तुम्हीपण इथेच?"

"नवा ग्रंथपाल. केसरीनाथ तरे. पंधरा दिवस झाले."

"तुळजा भोईर, समाजशास्त्र. सात वर्षं झाली, पण अजून जुनी झाले नाही."

प्रेमकथेत पाऊस लागतो म्हणे. भिवंडीत फेब्रुवारी महिन्यात मी पाऊस कुठून आणू? धूळ होती, गोदामांकडे जाणारे ट्रक होते, आणि कॉलेजच्या मागच्या गल्लीत दिवसभर लूमची खटखट होती. त्यातच जे व्हायचं ते झालं.

त्या शनिवारी प्राचार्या मॅडमनी सगळ्या शिक्षकांना सेमिनार हॉलमध्ये बसवलं. विषय होता, विद्यार्थ्यांची कॉपी कशी पकडावी आणि कशी थांबवावी. शिकवणार ग्रंथपाल. आम्ही अठराजण होतो, त्यातले पाच पहिल्या दहा मिनिटांतच झोपले. केसरीनाथने पडद्यावर नवं सॉफ्टवेअर दाखवलं. मजकूर टाकायचा, कुठून कुठून उचललाय ते रंगात दिसतं, किती टक्के जुळतो तो आकडा येतो. मग त्याने पडदा बंदच केला.

"चोर पकडायला हे ठीक आहे," तो म्हणाला. "पण आपण दरवर्षी तोच प्रश्न देतो. 'पर्यावरणाचे महत्त्व लिहा.' बाजारात त्याचं तयार उत्तर मिळतं. पोरांना असं काहीतरी विचारू या, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याच घरात असेल."

मी मागच्या बाकावरून हात वर केला. "आणि सर, तपासणाराच दमलेला असेल तर?"

"मग पोरांना ते कळतं, मॅडम." तो थेट माझ्याकडे बघून बोलला, पण ओरडून नाही, अगदी हळू. "कोणी वाचत नाही हे कळलं, की कोणी लिहितही नाही."

मला झोंबलं ते. चांगलंच झोंबलं. त्याच दुपारी मी ग्रंथालयात भांडायला गेले, आणि त्याने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "भांडू या. पण आधी एक प्रश्न तयार करून द्या."

असं ते सुरू झालं. रोज शेवटचा तास संपला की मी ग्रंथालयात जायची. तो खालच्या टपरीवरून दोन कटिंग मागवायचा. मग आम्ही दोघं प्रश्न तयार करत बसायचो. तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या भांड्याची गोष्ट लिहा. तुमच्या गल्लीत रात्रपाळीला कोण जातं, त्याच्याशी बोला. कच्चं लिखाण आधी दाखवा, मग पक्कं. माझ्या हातून एखादा प्रश्न फुसका निघाला, की तो काही न बोलता चष्मा वर सरकवायचा. मला ते कळायला लागलं. आणखीही बरंच काही कळायला लागलं. माझ्या चहात साखर कमी असते, हे टपरीवाल्याला त्याने कधी सांगितलं होतं कोण जाणे.

"तुम्ही इतकं हळू का बोलता हो?" एकदा मी विचारलं.

"ग्रंथालय आहे, मॅडम."

"पण इथे आपल्या दोघांशिवाय कोणी नाही."

"म्हणूनच..." तो म्हणाला, आणि उगाचच एका रजिस्टरची पानं चाळायला लागला.

स्टाफरूममध्ये कुजबुज होतीच. आमच्याकडे दोन माणसं दोनदा चहा प्यायली की तिसऱ्यांदा लोक पत्रिका विचारतात. मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष एकतीस मार्चकडे होतं. सहा वर्षं रखडलेला माझा पीएच.डी.चा प्रबंध त्या दिवसापर्यंत जमा करायचा होता. जमा केल्याचा दाखला असेल तरच एप्रिलमधल्या कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होतं. आमच्या विभागात कायम जागा निघाली ती नऊ वर्षांनी. ही हुकली असती, तर पुन्हा कल्याण-भिवंडी, कल्याण-भिवंडी... किती वर्षं, देव जाणे.

प्रबंध माझा होता गोदामातल्या बायकांवर. दापोड्याच्या गोदामांत माल बांधणाऱ्या साठ बायकांशी मी बोलले होते. त्यातली पहिली माझी सख्खी आत्या, कोनची गुणाबाई. तिच्यावर अख्खं तिसरं प्रकरण होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलांची तोंडी परीक्षा लागली. प्रोजेक्ट एकेचाळीस, विषय 'माझ्या घरातले श्रम'. प्रश्न आम्हीच काढलेला, घरातल्याच माणसाबद्दल. मी मनातून खूश होते. आता कशी कॉपी करतील, बघतेच! माझ्याबरोबर बसणाऱ्या सरांना बरं नव्हतं, म्हणून परीक्षा घ्यायला मी आणि केसरीनाथ बसलो.

पहिला आला ओसामा. "बोल, कोणावर लिहिलंस?"

"मिस, माझी आत्या. गुणाबाई."

मी पेन खाली ठेवलं. "तुझी आत्या, ओसामा? गुणाबाई?"

"हां मिस... मतलब... दूर की फुफी है." त्याने खिशातून रुमाल काढला.

दुसरा आला मनोज. त्याचीही आत्या गुणाबाई. तिसरी रूपा, चौथा कुमार... "ज्या जागंवर भात लावला, त्याच जागंवर आता खोकी चिकटवते," असं चौघांच्याही आत्या म्हणाल्या होत्या. केसरीनाथ ओठ दाबून छताकडे बघत होता. पाचवी आली हफसा, वर्गातली सगळ्यात धीट मुलगी. तिने प्रोजेक्ट टेबलावर ठेवलं आणि हात जोडले.

"मिस, सच बोलू? ही सगळ्यांचीच आत्या आहे. विशाल झेरॉक्सवाल्याकडे मिळते. विषय सांगितला, की तो म्हणतो एक मस्त माल आहे."

आता मात्र केसरीनाथला राहवलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला तो. मीही हसले, मग हसता हसता थांबले.

"सर... गुणाबाई माझी आत्या आहे."

"हो, तुमचीपण," तो डोळे पुसत म्हणाला.

"नाही हो! खरीच. हे माझं तिसरं प्रकरण आहे!"

दिवाळीनंतर मी विशालच्या दुकानात प्रकरणाची प्रत काढली होती. घाईत होते, पेनड्राइव्ह लावला, प्रत घेतली, निघाले. फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर राहिली असणार, आणि त्या बाबाने दुकानच मांडलं. मी चिडले, पुन्हा हसले, म्हटलं, आत्याला सांगायला हवं, एका दिवसात तिला एकेचाळीस भाचरं झाली. पण केसरीनाथचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"काय झालं?"

"मॅडम... पुढच्या वर्षीच्या मुलांनी उतरवू नयेत म्हणून हे एकेचाळीसही प्रोजेक्ट मी आठवड्यापूर्वीच, न तपासता, सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवलेत. एकदा आत गेलं ते कॉलेजला बाहेर काढता येत नाही." त्याने चष्मा काढला. "तुमचा प्रबंध मलाच तपासायचाय."

प्रबंध जमा करण्याआधी ग्रंथपालाचा दाखला लागायचा. दहा टक्क्यांच्या आत मजकूर जुळला तर पुढे, नाहीतर घरी. पाच दिवसांनी माझा आकडा आला : बावीस टक्के. पडद्यावर माझं तिसरं प्रकरण लालभडक दिसत होतं, आणि मी चोरी केली कोणाची, तर ओसामा, मनोज, रूपा, कुमार यांची! त्यांनी माझ्याआधी 'जमा' केलं होतं ना.

"ते एकेचाळीस प्रोजेक्ट वगळून आकडा काढता येत नाही का?"

"येतो. एक क्लिक आहे."

"मग करा ना."

त्याने माउसवरचा हात काढून घेतला. 

"करा ना हो... तुम्हाला माहितेय ते माझं आहे. तुमच्यासमोर हफसा बोललीय."

"मला माहितेय. म्हणूनच मी नाही करू शकत." तो पडद्याकडेच बघत बोलत होता. "उद्या कोणी म्हणेल, ग्रंथपालाने आपल्या माणसासाठी आकडा खाली आणला. ते तुमच्या पदवीला चिकटेल. जन्मभर."

"आपल्या माणसासाठी?" मी विचारलं.

 कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिथेच विरघळले असते. पण त्या दिवशी मला त्याचा इतका राग आला! दमलेल्या माणसाला तत्त्वं सांगू नयेत. मी पर्स उचलली आणि दार आपटून निघून आले. नंतर चार दिवस ग्रंथालयाची पायरी चढले नाही. चहा स्टाफरूममध्ये प्याले, साखरेचा पाक.

रविवार उलटल्यावर आत्याकडे गेले. मजकूर माझाच हे दाखवायला आत्याच्या मुलाखतीचं फोनमधलं जुनं रेकॉर्डिंग तारखेसकट होतं, पण तिची सही असलेलं संमतीपत्रही हवं होतं. गुणाबाई ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली होती.

"त्यो चष्म्याचा पोरगा आलता काल," ती मान वर न करताच म्हणाली.

"कोण? इथे?"

"मंग कुठं? इचारत व्हता, भाचीला कदी सांगितलंस ह्ये समदं, दिवाळीच्या आदी का मागून. म्या म्हनलं, आरं, त्याच्या आदल्या सालचा उन्हाळा व्हता. मंग गप बसला. चा गार झाला तरी पीना."

"तो गप्पच असतो."

"गप मानूस बरा गं. बोलनारी आपल्या घरान लय हायत." आत्याने आता वर पाहिलं. "तू का रडतंस?"

"रडत नाही. दमलेय."

"येकच हाय त्ये," आत्या म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्या मॅडमनी बोलावलं. टेबलावर केसरीनाथचा अर्ज होता. मॅडमनी तो माझ्याकडे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या.

'महोदया,' त्याने लिहिलं होतं, 'श्रीमती तुळजा भोईर यांच्या प्रबंधाची तपासणी माझ्याकडून काढून घ्यावी, ही विनंती. कारण असे की, त्या मला आवडतात. गेल्या रविवारी त्यांच्या बाजूचा पुरावा शोधायला मी त्यांच्या आत्याच्या घरी कोनला गेलो. दुसऱ्या कोणत्याही उमेदवारासाठी मी गेलो नसतो. तेव्हा मी निःपक्षपाती आहे असे म्हणणे खोटे होईल. श्रीमती भोईर यांना याची कल्पना नाही. त्यांचा यात काही दोष नाही. कळावे.'

मी ते तीनदा वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"बस," मॅडम म्हणाल्या. वयाने आईएवढ्या, मला अगंतुगं करायच्या. "हे बघ तुळजा, सरळ सांगते. खाली तुझं म्हणणं लिहावं लागेल. 'मला याची कल्पना नव्हती,' एवढंच लिही. त्यानेही तेच लिहिलंय. म्हणजे प्रकरण त्याच्यापुरतं राहतं. मी आजच इथल्या तिघांची समिती बसवते, मुलांचे जबाब घेते, तुझं रेकॉर्डिंग ऐकते, आणि एकतीसच्या आत दाखला तुझ्या हातात."

"आणि कल्पना होती, असं लिहिलं तर?"

मॅडमनी मोठा सुस्कारा सोडला. "तर तुम्ही दोघं मिळून काही केलंत की काय, हे बघावं लागेल. बाहेरच्या विद्यापीठाकडे पाठवावं लागेल. दीड-दोन महिने. मुलाखत गेली समज."

त्यांनी मला पेन दिलं. वाईट होत्या का त्या? नव्हत्या. माझं भलंच बघत होत्या. एक वाक्य लिहायचं होतं. तेही माझं नव्हे, वरून खाली उतरवायचं. 'कल्पना नव्हती.' वर तयार होतं, सुवाच्य अक्षरात.

सात वर्षं डोळ्यांपुढे आली. रिक्षा, धूळ, बाबांचं "यंदा तरी होईल का गं?" मी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. सरळ सांगते, उतरवणार होते मी ते वाक्य. 'मला' हा शब्द लिहूनही झाला होता. मग वाटलं, पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल इतकं खरं लिहिलं, आणि त्याच्याच खाली मी खोटं लिहू?

'मला कल्पना होती,' मी लिहिलं. 'अर्जातील तेवढे एक विधान चुकीचे आहे. त्यांच्याबद्दल मला जे वाटते, तेही तसेच आहे. तपासणी बाहेरून व्हावी.' आणि सही ठोकली.

मॅडमनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मूर्ख आहात दोघं," त्या म्हणाल्या आणि कागद फाईलला लावला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. बाहेरच्या लोकांनी रेकॉर्डिंग ऐकलं, मुलांना विचारलं, प्रबंध माझाच ठरला. पण मे महिना उजाडला. जागा दुसऱ्याच कोणाला गेली. पदवी मिळाली, पण मी अजून तासिका तत्त्वावरच आहे आणि कोनला कंटेनरच्या मागे अजूनही अडकते. विशालने दुकानातल्या फाईली पुसल्या म्हणे. मला विश्वास नाही.

पण त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. मी सरळ ग्रंथालयात गेले. तो टेबलापाशी उभाच होता.

"मॅडमनी... बोलावलं होतं?"

"हो. आधी प्राचार्यांना सांगायचं आणि मग मुलीला, ही कुठली हो पद्धत?"

"चुकलंच. पण..." तो अडखळला. "तुम्ही काय लिहिलंत?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. त्याचा चेहरा आधी उजळला, आणि लगेच पडला.

"मग एप्रिलची मुलाखत—"

"गेली."

"तुळजा..." पहिल्यांदाच मॅडमशिवाय. "का केलंत असं?"

"कारण मला कंटाळा आलाय. सारखं खोटं तपासायचा, खोट्यावर टिका मारायचा... तुम्ही केलंत ते बरोबर, मी केलं ते चूक? तुमचीपण नोकरी नवीनच आहे ना?"

  दोन कटिंग टेबलावर निवत होते. चार दिवस तो रोज दोन मागवत होता, हे मला टपरीवाल्याने नंतर सांगितलं.

"लेखी वाचलं मी," शेवटी मीच म्हटलं. "तोंडी बाकी आहे."

"इथे?"

"इथेच."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर हफसा वहीत तोंड खुपसून बसली होती. नवा प्रोजेक्ट लिहीत होती बिचारी, या वेळी स्वतःच्या आजीवर.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"तुम्ही मला आवडता!" इतक्या मोठ्याने, की हफसाच्या हातातलं पेन पडलं. "पहिल्या दिवसापासून. रिक्षात तुम्ही चिडलात ना, तेव्हापासून."

हफसा पेन उचलायच्या निमित्ताने टेबलाखाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. मला खूप काही बोलायचं होतं, छान छान, पण रडूच यायला लागलं. कायम जागा गेली म्हणून की तो मिळाला म्हणून, मला सांगता येणार नाही. त्याने खुर्ची माझ्याशेजारी ओढली, गार झालेला कप माझ्या हातात दिला आणि माझं रडून होईपर्यंत बसून राहिला.